एका पानावरच्या अनेक सभा

१ सप्टेंबर १८६६ रोजी ‘हार्पर्स वीकली’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात दोन पानांवर पसरलेले एक चित्र छापून आले. चित्राच्या खालच्या भागात एक गारुडी पुंगी वाजवतो आहे आणि त्या सुरावर डोलणारे साप एका काळ्या माणसाला विळखा घालत आहेत. गारुड्याचा चेहरा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याचा आहे. चित्राच्या मधोमध तोच जॉन्सन शेक्सपिअरच्या इयागोच्या वेषात उभा आहे. त्याच्यासमोर युद्धात जखमी झालेला काळा सैनिक, म्हणजे ऑथेल्लो. मागच्या भिंतीवर जॉन्सनची जुनी वचने कागदावर लिहून चिकटवावीत तशी दिसतात आणि भोवतीच्या चौकटींत त्या वचनांचे पुढे काय झाले ते दिसते. मराठी वाचकाला यातला गारुडी ओळखीचा आणि इयागोही ओळखीचा. हे चित्र आले त्याच्या पुढच्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांचे मराठी ‘ऑथेल्लो’ प्रसिद्ध झाले, देवलांनी त्याच नाटकावरून ‘झुंजारराव’ रचले आणि नाशिकच्या शिरवाडकरांनीही ते मराठीत आणले. कानाशी लागून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगणारा माणूस कोण, हे आपल्याकडच्या नाटकवेड्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे चित्र काढणारा थॉमस नॅस्ट तेव्हा पंचविशीत होता. जन्म जर्मनीतल्या लांडाऊचा. लहानपणीच आईबरोबर न्यूयॉर्कला आलेला. यादवी युद्धाच्या काळात, १८६२ पासून तो ‘हार्पर्स’साठी काढू लागला. पुढाऱ्याचे नाक लांबवायचे, पोट सुटलेले दाखवायचे, ही अर्कचित्राची विद्या त्याच्या आधीपासून होतीच. १८६६ च्या शरद ऋतूत त्याने जे केले ते त्याहून वेगळे आणि अधिक धारदार होते. राष्ट्राध्यक्षाने निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या श्रोत्यांना जे सांगितले होते, ते सगळे त्याने एका पानावर शेजारी शेजारी मांडले. राजकीय व्यंगचित्राचे खरे बळ या शेजारात आहे, असे मला वाटते आणि जॉन्सनचे प्रकरण त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

हा वाद साता समुद्रापलीकडचा असला, तरी त्याचे मूळ असलेला प्रश्न त्या वर्षी नाशिकच्या वेशीवरही होता. गावाबाहेरच्या शरणपूर या मिशनच्या वस्तीत आफ्रिकी मुलांसाठी आश्रम होता. गुलामांचा व्यापार करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली ही मुले तिथे लिहायला-वाचायला आणि हातचे काम करायला शिकत. १८६६ च्या जानेवारीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या तुकडीत नाशिकला शिकलेले तरुण होते. त्याच आश्रमातला जेकब वेनराइट पुढे त्याच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर राहिला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. बेडी तुटल्यावर माणसाच्या हातात नेमके काय पडते, हा प्रश्न शरणपूर, पुणे आणि वॉशिंग्टन या तिन्ही ठिकाणी एकाच दशकात विचारला जात होता. जॉन्सनला त्याचे उत्तर देशाच्या वतीने द्यायचे होते आणि त्याने ते श्रोते पाहून दिले.

जॉन्सन गरिबीतून वर आलेला माणूस. १८०८ चा जन्म, लहानपणी शिंप्याकडे उमेदवारी, मग टेनेसीतल्या ग्रीनव्हिलमध्ये स्वतःचे दुकान. नगरसेवक, महापौर, आमदार, खासदार, गव्हर्नर, सिनेटर अशी एकेक पायरी तो चढला. दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी एकटा जॉन्सन संघराज्याशी निष्ठावंत राहिला. म्हणूनच १८६४ मध्ये अब्राहम लिंकनने त्याला उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नॅशव्हिलला काळ्या लोकांचा मोठा जमाव त्याच्यासमोर आला, तेव्हा त्याने सांगितले की दुसरा कोणी लायक मिळाला नाही तर मीच तुमचा मोझेस होईन, तुम्हाला गुलामीतून बाहेर नेईन. बायबलवर वाढलेल्या त्या श्रोत्यांना या शब्दाचे वजन पुरते ठाऊक होते. उत्तरेतल्या गोऱ्या श्रोत्यांना तो सांगे की देशद्रोह हा गुन्हा आहे आणि देशद्रोह्यांना शिक्षा झालीच पाहिजे. १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकनला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला आणि दोन्ही वचने पाळण्याची वेळ आली.

मे महिन्यातच त्याने माफीचा जाहीरनामा काढला. वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्या बंडखोरांनी मात्र जातीने अर्ज करावा, अशी अट होती. वरवर पाहता ती श्रीमंत मळेवाल्यांना जाचक होती, पण प्रत्यक्षात त्यातून व्हाइट हाउसच्या दारात अर्जदारांची रीघ लागली आणि माफ्या हजारोंनी वाटल्या गेल्या. माफीबरोबर जमिनीही परत गेल्या, त्यांत मुक्त झालेल्या गुलामांनी कसायला घेतलेल्या जमिनी होत्या. दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या मजुरांना जखडणारे नवे कायदे केले. फेब्रुवारी १८६६ मध्ये मुक्त गुलामांच्या मदतीसाठी असलेल्या खात्याची मुदत वाढवणाऱ्या विधेयकावर आणि मार्चमध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर जॉन्सनने नकाराधिकार वापरला. दुसरा नकार अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एप्रिलमध्ये दोनतृतीयांश मतांनी मोडून काढला. मे महिन्यात मेम्फिसला आणि ३० जुलैला न्यू ऑर्लिन्सला काळ्या लोकांची कत्तल झाली. सुरुवातीला वर्णन केलेले चित्र या पार्श्वभूमीवर आले. मोझेसच्या गोष्टीत काठीचा साप होतो, तो फरोहला वचकवण्यासाठी. नॅस्टच्या चित्रात सापांचा विळखा बसला होता तो ज्यांना सोडवायचे त्यांनाच.

काँग्रेसच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. जॉन्सनने ठरवले की आपण थेट जनतेकडे जायचे. निमित्त होते शिकागोला दिवंगत सिनेटर स्टीफन डग्लसच्या स्मारकाची कोनशिला बसवण्याचे. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनहून आगगाडी निघाली आणि फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बफेलो, क्लीव्हलँड, शिकागो, सेंट लुईस, इंडियानापोलिस, पिट्सबर्ग असा वळसा घेऊन सप्टेंबरच्या मध्याला परतली. या फेरीला लोकांनी ‘वर्तुळाची फेरी’ असे नाव दिले. युद्धात लोकप्रिय झालेले सेनापती ग्रँट आणि नौसेनानी फॅरागट यांना त्याने मुद्दाम सोबत घेतले होते. आदल्या वर्षीच आपल्याकडे थळघाटाचा चढ आगगाडीला खुला झाला होता, त्यामुळे गाड्यांचे अप्रूप काय असते हे नाशिककरांना कळू शकेल: एका दिवसात चार गावे, प्रत्येक स्टेशनावर गर्दी, डब्याच्या मागच्या सज्जातून भाषण. टेनेसीच्या डोंगराळ भागात प्रचार करताना जॉन्सन हेच करत आला होता. तिथे एका गावचे भाषण दुसऱ्या गावी पोहोचायला आठवडा लागे, तेच भाषण पुन्हा केले तरी नवे वाटे, आणि कोणी मध्येच ओरडला तर त्याला तिथल्या तिथे झोडपणे ही मर्दुमकी समजली जाई.

१८६६ पर्यंत मात्र रुळांच्या कडेने तारा गेल्या होत्या. गाडीबरोबर लघुलेखन जाणणारे वार्ताहर होते. सकाळी केलेले भाषण दुसऱ्या दिवशी, पुढच्या गावी गाडी शिरण्याच्या आधी, तिथल्या वर्तमानपत्रात छापलेले असे. जॉन्सनचे भाषण एकच होते: मी शिंपी होतो, नगरसेवकापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळी पदे भोगली, आता मला काही नको, राज्यघटना आणि छत्तीस ताऱ्यांचा ध्वज मी तुमच्या हाती सोपवून जातो. पहिल्या गावी हे ऐकून टाळ्या पडल्या, दहाव्या गावचे लोक ते पेपरात वाचून आले होते आणि पुढचे वाक्य आधीच ओरडत होते. सिनेटर डूलिटल या त्याच्याच पाठीराख्याने ऐनवेळी सुचेल ते बोलू नका असे पत्राने बजावले होते, त्याचा उपयोग झाला नाही. क्लीव्हलँडला ३ सप्टेंबरला गर्दीतून कोणी बंडखोरांचा नेता जेफरसन डेव्हिसला फासावर द्या असे ओरडले, त्यावर राष्ट्राध्यक्षाने उलट विचारले की थॅड स्टीव्हन्स आणि वेंडेल फिलिप्सला का नको. हे दोघे त्याचे विरोधक, एक काँग्रेसचा सभासद आणि एक गुलामीविरोधी वक्ता. सेंट लुईसला ८ सप्टेंबरला त्याने न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलीचे खापर काँग्रेसवर फोडले आणि स्वतःवर होणाऱ्या टीकेची तुलना ख्रिस्ताच्या कथेशी केली. इंडियानापोलिसला त्याला बोलूच दिले नाही. ग्रँटने सेंट लुईसहून पत्नीला लिहिलेल्या पत्रात या भाषणांचा आपल्याला कधी नव्हे इतका वीट आला असून ती राष्ट्राला लाजिरवाणी आहेत, असे म्हटले.

२७ ऑक्टोबरच्या अंकात नॅस्टचे ‘अँडीची सफर’ आले. या एका चित्रावर थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात त्याची रीत उघडी दिसते. पुन्हा दोन पाने, पण एकच मोठा प्रसंग नाही. पानभर लहान लहान प्रसंग, प्रत्येकात तोच माणूस आणि खाली त्याच्याच भाषणांतले शब्द. या देशासाठी माझ्याहून जास्त कोणी सोसले, असे तो विचारतो. पुन्हा घटना सोपवतो, पुन्हा ध्वज सोपवतो, पुन्हा हुतात्म्याचा आव आणतो. त्या काळी असे चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे काढले जाई, मोठे चित्र असले तर अनेक ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडलेले असत आणि ते सुटे करून वेगवेगळे कोरणारे कारागीर एकेक तुकडा कोरत. म्हणजे तंत्रच तुकडे जोडून एक पान करण्याचे होते. जॉन्सनची फेरीही अशीच तुकड्यातुकड्यांची होती. जॉन्सनचा समज असा की प्रत्येक गाव आपल्यापुरतेच ऐकते. नॅस्टने सगळी गावे एकमेकांशेजारी बसवली, आणि जे एका सभेत तळमळीचे वाटले असते ते आठव्या चौकटीत पाठ केलेले वाटू लागले. त्याला जॉन्सनच्या तोंडी एकही खोटे वाक्य घालावे लागले नाही.

निकाल लागला तो जॉन्सनच्या विरुद्ध. रिपब्लिकन पक्षाला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांशांहून जास्त जागा मिळाल्या, राष्ट्राध्यक्षाचा नकार निरर्थक झाला आणि मार्च १८६७ मध्ये दक्षिणेची पुनर्रचना काँग्रेसने आपल्या हाती घेतली. फेब्रुवारी १८६८ मध्ये प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. अकरा आरोपांपैकी दहावा आरोप भाषणांचाच होता: वॉशिंग्टन, क्लीव्हलँड आणि सेंट लुईस येथे केलेल्या भाषणांनी जॉन्सनने काँग्रेसची बेअब्रू केली. भाषणे टिपून घेणारे वार्ताहर सिनेटपुढे साक्षीला उभे राहिले. व्यंगचित्रकाराने जी मांडणी केली तीच आता आरोपपत्रात उतरली होती. शेवटी सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशी मते पडली, दोषी ठरवायला लागणाऱ्या दोनतृतीयांशांना एक मत कमी पडून जॉन्सन सुटला आणि दहाव्या आरोपावर मतदान झालेच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘अँडीची सफर’ छापून आले तेव्हा पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत मतदान होऊन गेले होते, मेनमध्ये तर सप्टेंबरातच. मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्सच्या बातम्यांनी उत्तरेतली मने आधीच पेटली होती. तेव्हा एका चित्राने निवडणूक फिरवली असे म्हणणे म्हणजे कोंबड्याच्या आरवण्याने सूर्य उगवतो असे म्हणणे. मला तसे म्हणायचे नाही. चित्राचे काम मत बदलण्यापेक्षा स्मरण पक्के करण्याचे होते. भाषणांचे रकाने लोक वाचून विसरले असते. लाखावर प्रती खपणाऱ्या साप्ताहिकाने त्यांतली विसंगती नजरेत भरेल अशी मांडली, आणि ‘सोसलेला अँडी’ हीच जॉन्सनची ओळख उरली. दीड वर्षांनी महाभियोगाच्या वेळी त्या तीन भाषणांची आठवण ताजी होती, त्यात या पानांचा वाटा आहे. यापुढे जाऊन काही म्हणायला पुरावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पुढाऱ्याने श्रोते पाहून बोलायचे नाही तर काय करायचे? कीर्तनकारसुद्धा गाव पाहून आख्यान निवडतो. शेतकऱ्यांपुढे वेगळा दाखला, पेठेत वेगळा. पण कीर्तनात पूर्वरंगाचा अभंग तोच राहतो, बदलते ती समजावण्याची रीत. जॉन्सनचे नेमके उलटे होते: आख्यान सगळीकडे तेच, शिंप्यापासून राष्ट्राध्यक्षापर्यंतचे, आणि मूळ वचन मात्र श्रोत्यागणिक फिरलेले. या फरकाचा दाखला खुद्द नाशिकने पाहिला आहे. सप्टेंबर १९५० मध्ये आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाचे अधिवेशन इथे भरले. नुकतीच झालेली अध्यक्षपदाची निवडणूक पुरुषोत्तमदास टंडन यांनी जिंकली होती. आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव हरले होते. टंडन यांच्या बाजूने कौल देणाऱ्या त्याच मंडळींपुढे पंतप्रधान नेहरूंना अल्पसंख्याकांविषयीचे आपले धोरण मांडायचे होते. त्यांनी ते सौम्य केले नाही. जमावाला हवे तेच करणे म्हणजे लोकशाही असेल तर ती मला नको, अशा आशयाचे ते बोलले आणि ठराव मंजूर करून घेतला. दिल्लीत एक आणि गोदाकाठी दुसरे, असे त्या भाषणाच्या बाबतीत कोणाला दाखवता आले नसते. पुढे वर्षभरात टंडन यांना पद सोडावे लागले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले, त्यावर टीका करायला जागा आहे, पण ती वेगळी टीका आहे.

महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनाही या शेजाराची जाण होती. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपल्याला नेहरू मोठे वाटतात, असे म्हणणाऱ्या यशवंतराव चव्हाणांनीच १९६० मध्ये राज्याचा मंगल कलश आणला. हे राज्य मराठी की मराठा, या माडखोलकरांच्या प्रश्नाला त्यांनी मराठी असे उत्तर दिले, तेव्हा ते उत्तर प्रत्येक श्रोत्याच्या कानी जाणार हे त्यांना माहीत होते. त्याच वर्षी १३ ऑगस्टला बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाचे प्रकाशन चव्हाणांच्याच हस्ते झाले. सत्तेवरच्या पुढाऱ्यांना न सोडणारे पान मुख्यमंत्र्यांनी स्वतः उघडून दिले. तीन वर्षांनी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. आपले शब्द कोणीतरी जुळवून पाहणार आहे, हे गृहीत धरून बोलणे ही लोकशाहीतली एक सवय आहे. ती कायद्याने लागत नाही, अशा पानांच्या धाकाने लागते.

तिसरा आक्षेप खुद्द चित्रकारावरचा. ‘हार्पर्स’ रिपब्लिकन पक्षाचे आणि नॅस्ट त्या पक्षाचा. तो निःपक्षपाती नव्हता हे खरे आहे आणि त्याहूनही कडवे सत्य पुढे आहे. ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने कोलंबिया, म्हणजे अमेरिकेची मूर्तिमंत देवी, एका पाय गमावलेल्या काळ्या सैनिकाशेजारी उभी केली होती. मताचा हक्क या माणसाला का नाही, असे ती विचारत होती. मार्च १८७४ मध्ये त्याच साप्ताहिकात, त्याच नॅस्टच्या हातची तीच कोलंबिया दक्षिण कॅरोलिनाच्या काळ्या आमदारांवर डाफरते आहे, आणि ते आमदार हिडीस, भांडखोर, माकडचाळे करणारे काढले आहेत. मधल्या नऊ वर्षांत उत्तरेतला वाचक काळ्या माणसाच्या हक्कांना कंटाळला होता आणि चित्रकाराने आपला श्रोता ओळखला होता. ज्या कसोटीने त्याने राष्ट्राध्यक्षाला उघडे पाडले, त्याच कसोटीला तो स्वतः उतरला नाही.

म्हणून त्याची कसोटी खोटी ठरते का? त्याच्याच एका चित्रात याचे उत्तर सापडते. ३ नोव्हेंबर १८६६ चे ‘राजा अँडी’. जॉन्सन मुकुट घालून सिंहासनावर बसला आहे आणि विरोधकांची रांग शिरच्छेदासाठी उभी आहे. थॅड स्टीव्हन्सची मान ठोकळ्यावर टेकली आहे, मागे एकामागून एक ओळखीचे चेहरे, आणि रांगेच्या अगदी शेवटी चित्रवही घेतलेला नॅस्ट. स्वतःला त्या रांगेत उभे करताना त्याच्या मनात धाडस मिरवण्याचा भाव असेल. पण रांग ही रांग असते. त्याची पाळी १८७४ साली आली, आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा त्यानेच काढून ठेवलेल्या दोन चित्रांत होता. ती शेजारी ठेवायची तेवढी बाकी होती.